अध्यक्षांचे जादा मत

रविवार, २९ फेब्रुवारी २००४ रोजी चर्चच्या मंडळीने पाळकसाहेबांना निरोपाचे पाकीट दिले. त्यात दोन हजार तीनशे पासष्ट रुपये होते. आकडा असा अडनिडा होण्याचे कारण एवढेच, की उपासनेनंतर बाकांमधून पेटी फिरवली आणि पडले ते पाकिटात भरले. थोडी भर घालून तो आकडा गोल करावा असे एकाही पंचाला वाटले नाही. चौतीस वर्षे सेवा केलेल्या माणसाविषयी लोकांना काय वाटते, याचा त्या वरच्या पासष्टाहून चांगला पुरावा मिळायचा नाही.

पाळकसाहेबांनी पाकीट न उघडता बायकोच्या हाती दिले. पैशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा जुना नियम. पैशाने आणलेल्या वस्तूंना लावायचा.

पाळकीणबाईंनी ते तिथेच, पहिल्या बाकाजवळ उभ्या राहून मोजले.

"अगं, लोक बघताहेत," पाळकसाहेब पुटपुटले.

"बघू द्या. त्यांनीच टाकलेत."

निरोप इतका थंड का झाला, हे सांगायचे तर पाळकसाहेब ही काय चीज होती ते आधी सांगायला हवे.

ते घड्याळजीचे चिरंजीव. दहा वर्षांचे असताना त्यांनी शेजाऱ्यांचे गजराचे घड्याळ उघडले, सगळी चाके पाटावर ओळीने मांडली, कोणते चाक कशासाठी असते ते बापाला बिनचूक सांगितले, आणि जेवायला निघून गेले. घड्याळ बापाने जोडले. पोरगा हुशार आहे, असे त्या दिवशी घरात ठरले. ते घड्याळ पुन्हा जोडणार कोण, हा प्रश्न मात्र कोणी काढला नाही, आणि पुढे आयुष्यभर पाळकसाहेबांनाही तो कधी पडला नाही.

धर्मशिक्षणाच्या विद्यालयात त्यांना हिब्रू झेपली नाही आणि ग्रीक नकोशी झाली. उरले नीतिशास्त्र. त्यात चूक झाली तरी चूक म्हणून दाखवता येत नाही, हा मोठा फायदा. त्यात त्यांनी अकरा वर्षे घालवून डॉक्टरेट मिळवली. पहिले पुस्तक खोटे बोलण्यावर होते, चारशे पानांचे. खोटे बोलू नये, परंतु काही प्रसंगी विचार करावा, असा त्याचा मथितार्थ. दुसरे मालमत्तेवर. माणसाने घरादाराचा मोह धरू नये, हे त्यांनी मंडळीने दिलेल्या फुकटच्या घरात बसून लिहिले. तिसरे कर्तव्यावर. त्याच्या अर्पणपत्रिकेत छापले होते : 'जिच्या शांततेमुळे हे लेखन झाले, त्या माझ्या पत्नीस.' शांतता कसली! शेजारच्या खोलीत दिवसभर शिलाईची मशीन धडधडत असत, आणि त्यांच्यावरच छापखान्याचे बिल फिटत असे.

परगावच्या परिषदांतून त्यांना बोलावणी येत. दर गुरुवारी ते कॉलेजात व्याख्यान देत. गावात मात्र त्यांचे नाव 'दुसरीकडे' असे पडले होते. कारण कोणी काहीही विचारा, साहेब डोळे मिटून सुरू करत, "एकीकडे पाहता..." आणि मग लांब श्वास घेऊन, "परंतु दुसरीकडे..." पोरेटोरेही त्यांना लांबून येताना पाहून म्हणत, "पळा रे, दुसरीकडे आले!" ते मान डोलवून पोरांना आशीर्वाद देत.

एकदा कापड गिरणीतला एक कारकून त्यांच्याकडे आला. मालाच्या खोट्या मोजणीवर सही कर, असे साहेबाने त्याला फर्मावले होते. करू की नको? पाळकसाहेबांनी त्याला तीन संध्याकाळी बसवून घेतले. पहिल्या दिवशी सहीचा अर्थ, दुसऱ्या दिवशी आज्ञेचा अर्थ. तिसऱ्या दिवशी अंतःकरणापर्यंत पोचेपोचेतो गिरणीत दुसऱ्याच कोणी सही करून टाकली होती आणि हा टाळाटाळ करतो म्हणून याला घरी बसवले होते. पुढच्या गुरुवारी कॉलेजात पाळकसाहेबांनी तोच दाखला सांगितला : निर्णय लांबवणे हाही एक निर्णयच असतो. टाळ्या पडल्या. कारकून तिथे नव्हता.

पण रास्त ते रास्त. ते दारू पीत नव्हते, पेटीतले चोरत नव्हते, कोणाच्या बायकोकडे बघत नव्हते. आणि एकदा, नर्सबाईंची आई जायला टेकली होती तेव्हा, घसा पूर्ण बसल्यामुळे ते दुपारभर तिचा हात धरून नुसते बसले होते. नर्सबाई म्हणजे मंडळीच्या गायनाच्या पुढारी. त्या अजून सांगतात, "तेवढी एक दुपार ते खरे पाळक होते. देवाने त्यांचा घसा पुन्हा का दिला, देव जाणे."

मंडळीचे घर म्हणजे प्रार्थनामंदिराच्या अंगाला लागून चार खोल्या. पुढची रस्त्यावर उघडणारी, मोठ्या खिडकीची. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी बाईंनी तिथे एक मशीन मांडले. एकाची चार झाली. दोन बायका कामाला येऊ लागल्या. एक काजे करी, दुसरी बेतून देई. तीन शाळांचे गणवेश, हॉस्पिटलचे एप्रन, गायनमंडळाचे झगे, सगळे त्या खोलीतून जात होते. मुलीचे शिक्षण, तिचे लग्न आणि नवऱ्याची तिन्ही पुस्तके बाईंनी सुईच्या नेढ्यातून ओवून काढली. गावात कोणाची कंबर किती वाढली आणि कोणाचा खांदा कोणत्या बाजूला उतरतो, हे त्यांना तोंडपाठ होते. जिभेला धार होती. मशीनवर बसल्या बसल्या, तोंडात टाचण्या धरून, त्या माणसाला असे काही ऐकवत की त्याने झब्बा न्यायला नोकर पाठवावा.

पाळक निवृत्त झाला की घर सोडायचे, हा नियम. पण नवे पाळक अविवाहित होते. मागच्या दोन खोल्या मला पुष्कळ, असे त्यांनी आपणहून कळवले. म्हणून पंच कमिटीने जुन्या पाळकांना पुढच्या दोन खोल्या आणखी तीन वर्षांसाठी दिल्या. बाईंना नेमकी तेवढीच वर्षे हवी होती. बाजारात नव्या इमारतीत त्यांनी एक गाळा धरला होता आणि त्याचे हप्ते तीन वर्षांत फिटणार होते. मग मशीन उचलायची आणि रस्ता ओलांडून आपल्या मालकीच्या जागेत मांडायची. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा दरवाजा. त्याला कोणता रंग द्यायचा, तेही त्यांनी ठरवून ठेवले होते. हिरवा.

याला आडवे आले मंडळीतलेच फर्निचरवाले. त्यांचे दुकान समोरच्याच फुटपाथवर. सोफे ठेवायला जागा कमी पडत होती आणि बाईंच्या खोलीवर त्यांचा वर्षानुवर्षे डोळा होता. ही खोली मंडळीने भाड्याने द्यावी, मंडळीला उत्पन्न होईल, असे ते ज्याला त्याला पटवत. भाडेकरू कोण, हे सांगत नसत. जानेवारीत होणाऱ्या सर्वसाधारण सभेसाठी त्यांनी आधीच ठराव देऊन ठेवला : कमिटीची सवलत रद्द करावी आणि घर फेब्रुवारीअखेर रिकामे व्हावे.

बाईंनी पदर खोचला नाही, पण मापाची फीत गळ्यात टाकली आणि घरोघर निघाल्या. कोणाचा पडदा खाली लोंबत होता, तो दुमडून दिला. कोणाच्या पोराच्या विजारीला ठिगळ लावले. गायनमंडळाचे सगळे झगे फुकट उसवून नव्याने बसवले. जाता जाता म्हणायच्या, "तिसऱ्या रविवारी सभेला थांबा हं. बसायचं नाही फार. उभं राहायचं."

पाळकसाहेबांच्या हे लक्षात आले तेव्हा ते गंभीर झाले.

"अगं, तू लोकांचे कपडे फुकट शिवतेयस. मतदानाच्या तोंडावर. ही एक प्रकारची लाच नव्हे का?"

"तुम्ही विचार करा त्याच्यावर," बाई दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "तुमचा विचार होईस्तोवर माझं काम आटपेल."

नवे पाळक अजून रुजू झाले नव्हते, म्हणून सभेचे अध्यक्ष जुने पाळकसाहेबच. बाईंना धाकधूक होती ती याचीच. शनिवारी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला समोर बसवले.

"उद्या दोन वाक्यं बोलायची. 'सभा सुरू झाली.' आणि 'सभा संपली.'"

"आणि मध्ये?"

"मध्ये पाणी प्यायचं."

"अध्यक्षाला काही वेळा..."

"अहो, मी चौतीस वर्षांत तुमच्याकडे काय मागितलं?"

पाळकसाहेबांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. काही आठवले नाही. "बरं," ते म्हणाले. "नाही बोलणार."

रविवारी उपासना संपली आणि सभा भरली. फर्निचरवाल्यांनी आदल्या दिवशीच दुकानातल्या गादीच्या खुर्च्या आणून उजव्या बाजूला मांडल्या होत्या. मंडळीच्या सोयीसाठी, असे ते म्हणाले. पण बसली त्यांचीच माणसे. बाईंची माणसे डावीकडे, लाकडी बाकांवर. म्हाताऱ्या, गायनमंडळातल्या मुली, पोरे मांडीवर घेतलेल्या आया, आणि दाराजवळ हॉस्पिटलचा एप्रन पिशवीत घालून आलेल्या नर्सबाई.

"सभा सुरू झाली," पाळकसाहेब म्हणाले, आणि पाणी प्याले. बाईंना इतके बरे वाटले की त्यांनी हातातला रुमाल सरळ केला.

फर्निचरवाल्यांनी ठराव वाचला. बाजूने असणारे उभे राहिले, सेक्रेटरीने डोकी मोजली. एकेचाळीस. विरुद्ध असणारे उभे राहिले. गुडघे मोडत, बाक सरकवत, पण राहिले. एकेचाळीस.

सेक्रेटरी पोस्टातून निवृत्त झालेला गृहस्थ, मंडळीच्या घटनेचे पुस्तक कोळून प्यालेला. तो पाळकसाहेबांच्या कानाशी लागला. "समसमान. म्हणजे ठराव पडला. सभा संपली म्हणा."

पाळकसाहेब उठले. झग्याच्या बाह्या सारख्या केल्या. आणि बाईंनी त्या बाह्या स्वतः शिवल्या होत्या म्हणून, त्या सारख्या करण्याचा अर्थ काय, तो त्यांना सगळ्यांच्या आधी कळला.

"अहो," त्या बाकावरूनच हलक्या आवाजात म्हणाल्या. "नको."

"प्रिय बंधुभगिनींनो," पाळकसाहेब म्हणाले, "मते समसमान झाली की अध्यक्षाला एक जादा मत देता येते. ते मी देणार नाही. का देणार नाही, हे थोडक्यात सांगणं माझं नैतिक कर्तव्य आहे."

कोणीही विचारले नव्हते. जादा मताची गरजही नव्हती. नुसते गप्प राहिले असते तरी घर राहिले असते. पण आयुष्यभर ज्या विषयावर लिहिले तो विषय आज समोर जिवंत उभा राहिलेला, आणि श्रोते जागेवर. अशी पर्वणी परिषदेतही मिळत नाही.

थोडक्यात म्हणजे तीन मुद्दे. पहिल्याला दोन बाजू होत्या. दुसऱ्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी दोन. खिडकीतले ऊन पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर गेले. पोरे रडायला लागली, तशा आया एकेक करून त्यांना बाहेर घेऊन गेल्या, आणि बाहेर गेल्या त्या घरीच. म्हाताऱ्यांना लाकडी बाक टोचू लागला. मुलींना दुपारचे क्लास होते. उजवीकडचे मात्र गाद्यांवर निवांत रेलले होते. दोघे तर सरळ घोरत होते.

नर्सबाई वाकून पाळकीणबाईंपाशी आल्या. "माझी दोनची ड्यूटी आहे हो. थांबू का?"

"जा तुम्ही. मोजणी झालीय," बाई म्हणाल्या. पुढे महिनाभर त्यांना स्वतःचे हेच वाक्य खुपत राहिले.

पाळकसाहेब आता तिसऱ्या मुद्द्यावर आले होते. "ज्याचं स्वहित गुंतलेलं आहे त्याने मत देऊ नये. हा न्याय मला लागतो, तसाच तो माझ्या घरच्यांनाही लागतो. मघाशी माझ्या पत्नीने मत दिलं. ते ग्राह्य धरावं का? एकीकडे पाहता ती या मंडळीची सभासद आहे, परंतु..."

"दुसरीकडे!" मागून कोणीतरी ओरडले. हशा पिकला.

पाळकसाहेब प्रसन्न हसले. लोक आपला धागा पकडताहेत असे त्यांना वाटले. "अगदी बरोबर. दुसरीकडे, ती अध्यक्षाची पत्नी आहे, आणि प्रश्न तिच्याच घराचा आहे. माझ्या मनात शंका आहे, हे मला लपवता येत नाही."

फर्निचरवाले खुर्चीतून सावकाश उठले. गिऱ्हाईक स्वतःहून जास्त किमतीच्या सोफ्यावर जाऊन बसले की ते असेच सावकाश उठत.

"पाळकसाहेब, मी आपला साधा माणूस. पण अध्यक्षांच्याच मनात शंका असेल, तर मोजणी पुन्हा नको का व्हायला?"

सेक्रेटरीने टेबलाखालून झगा ओढला. "फेरमोजणीचा हुकूम फक्त तुम्ही देऊ शकता. देऊ नका. नको म्हणा, संपलं."

"नको म्हटलं तर ते माझ्या स्वहिताचं होईल," पाळकसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "फेरमोजणी व्हावी."

घोरणाऱ्यांना शेजाऱ्यांनी कोपराने उठवले. ठरावाच्या बाजूने चाळीस. एकाला एवढ्यात लघवीला जावे लागले होते. मग विरुद्ध बाजू. डाव्या बाजूला बाकेच बाके दिसत होती. पाळकीणबाई उभ्या राहिल्या. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहून किंचित मान हलवली, खाली बसावे अशा अर्थाने. त्या बसल्या नाहीत. त्यांना धरून सव्वीस झाले.

"ठराव मंजूर," पाळकसाहेब म्हणाले. आवाजात समाधान होते. "सभा संपली."

घरी आल्यावर त्यांनी झगा काढून खुंटीला लावला आणि खुर्चीत बसले. बाई मशीनपाशी बसल्या होत्या, पण मशीन चालवत नव्हत्या.

"आज मी जे केलं ते सोपं नव्हतं," ते म्हणाले.

"सोपंच होतं. गप्प बसणं अवघड होतं. ते तुम्हाला जमलं नाही."

"तुला तत्त्वाची बाजू..."

"मला शब्द दिला होतात. दोन वाक्यं."

"शब्द आणि कर्तव्य यांत जेव्हा विरोध येतो..."

"तिसरं पुस्तक, मधलं प्रकरण," बाई म्हणाल्या. "माहितीय मला. त्याचे पैसे मी भरलेत." मग थोड्या वेळाने, नवऱ्याकडे न बघता, त्यांनी विचारले, "एक सांगा. फर्निचरवाल्यांना ही खोली भाड्याने हवीय. सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे. त्यांनी दोन्ही वेळा मत दिलं. ते स्वहित नव्हतं?"

पाळकसाहेब थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकले. ते ओशाळलेत, असे बाईंना क्षणभर वाटले आणि त्यांचा हात चाकावरून उचलला गेला.

"मुद्दा चांगला आहे," पाळकसाहेब म्हणाले. "तिथे सुचला नाही मला." आणि खिशातले पेन काढून त्यांनी तो टिपून घेतला.

बाईंनी चाकाला हात घातला आणि मशीन सुरू केले. कापड लावलेले नव्हते. सुई नुसतीच खालीवर होत राहिली.

सायकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. निरोपाचे पाकीट अनामतीत गेले, वरचे बाईंनी घातले. जिना अरुंद, वळणाचा. चारांपैकी दोनच मशीन वर जाऊ शकली. दोन विकावी लागली. दोन मजले चढून गणवेशाचे माप द्यायला कोण येणार? दोन शाळांनी दुसरा शिंपी गाठला. काजे करणारी बाई आणि बेतणारी बाई, दोघींना दुसरीकडे काम शोधावे लागले. मे महिन्यात गाळ्याचा हप्ता चुकला, जूनमध्ये पुन्हा चुकला, आणि बिल्डरने गाळा दुसऱ्याला दिला. तिथे आता मोबाईलचे दुकान आहे. दरवाजा काचेचा आहे.

जुन्या खोलीच्या मोठ्या खिडकीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे दिसतात. नर्सबाई त्या रस्त्याने जायचे टाळतात. रविवारी उपासनेत भेट झाली की त्या पाळकीणबाईंना म्हणतात, "मी थांबायला हवं होतं." बाई म्हणतात, "तुमची ड्यूटी होती. थांबायचं ज्यांनी, ते थांबले नाहीत."

पाळकसाहेबांचे उत्तम चालले आहे. 'स्वहिताचा त्याग : एक प्रत्यक्ष अनुभव' हे त्यांचे व्याख्यान तीन ठिकाणी झाले. चौथ्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्यावरच आहे. त्याच्या छपाईचे बाईंजवळ त्यांनी एकदा सुचवून पाहिले. बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या काढून उत्तर देण्याची तसदी घेतली नाही. पुस्तक अजून हस्तलिखितातच आहे.

घर हलवले त्या दिवशी टेम्पोच्या तीन खेपा ठरल्या होत्या. त्या मशीन, भांडी आणि पलंगांत संपल्या आणि त्यांचे भाडे बाईंनी जागच्या जागी चुकते केले. चौथी खेप पुस्तकांची करावी लागली. "ती त्यांची," बाई टेम्पोवाल्याला म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. पाळकसाहेबांनी टेम्पोवाल्याला जिन्यात उभे केले. एकीकडे पाहता, करार तीन खेपांचा होता. परंतु दुसरीकडे, चौथी खेप झाली आहे, हेही नाकारता येत नाही. यावर विचार करून कळवतो, असे ते म्हणाले.

टेम्पोवाल्याचे साठ अजून द्यायचे आहेत.